आजोबांनी न केलेला मसाला

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत रजिस्टर पाकीट येणं ही साधी गोष्ट नव्हती. पोस्टमन सायकल भिंतीला टेकवायचा आणि त्याच्या मागे पंचवीसेक माणसं, चार कुत्री आणि एक चालू संसार अर्धवट टाकून आलेली शेजारीण असा जथा उभा राहायचा. त्या दिवशी पाकीट उघडायच्या आधीच गल्लीने दोन अंदाज बांधले: एक तर माझी नोकरी गेली, नाहीतर माझ्या बायकोला माहेरची जमीन मिळाली. दुसऱ्या अंदाजाला मतं जास्त पडली, कारण त्यात पेढ्यांची शक्यता होती.

पाकीट बायकोच्या नावावर होतं. आत वकिलाची नोटीस होती, आणि ती इंग्रजीत होती. वकील लोक त्या काळी मराठीत रागावत नसत.

नोटीस काय होती ते सांगण्याआधी धंदा काय होता ते सांगायला हवं. माझी बायको लोणच्याचा मसाला करायची. मोहरीची डाळ, मेथी, हळद, हिंग आणि भिवापुरी मिरची, जी नुसती पाहिली तरी माणसाला आपली जुनी पापं आठवतात. नोटिशीच्या सात वर्षं आधी तिने घरातल्या उखळात हा मसाला कांडायला सुरुवात केली, तेव्हा गिऱ्हाइकं चार होती आणि त्यातल्या तिघी उधारीच्या होत्या. नोटीस आली तेव्हा महालापासून सक्करदऱ्यापर्यंत पंधरा-वीस किराणा दुकानांत तिची पाकिटं टांगलेली असत. मी सरकारी कचेरीत कारकून. सरकारी नोकराला धंदा करता येत नाही, म्हणून धंदा बायकोच्या नावावर आहे, असं मी चारचौघांत डोळा मारून सांगत असे. खरी गोष्ट अशी की धंदा तिचाच होता आणि मला त्यात प्रवेश नव्हता. माझं काम रविवारी सायकलवरून पाकिटं पोचवण्याचं. नंदनवन वस्ती तेव्हा अर्धी शेतच होती. तिकडे जाताना मला कोल्हे आडवे येत. आता काही जाणकार म्हणतात की ते कोल्हे नव्हते, कुत्रेच होते. त्यांचं बरोबरही असेल, पण सायकल मी चालवत होतो.

पाकिटावर लाल अक्षरांत एक ओळ होती: ‘बरणी उघडा, शेजारीण येईल.’ ही ओळ बायकोचीच. किराणा दुकानात एका गिऱ्हाईक बाईने नाक मुरडून विचारलं होतं की या मसाल्यात असं आहे तरी काय. बायको म्हणाली, “सांगून काय समजते वं? बरणी उघडून पाह्य, शेजारीण येते का नाही ते.” दुकानदार हसला, बाईने दोन पाकिटं घेतली, आणि मी ती ओळ छाटून छापखान्यात दिली. पुढे बरीच वर्षं मी ती माझी म्हणूनही खपवली. हे आता कबूल करतो, कारण विचारणारं कोणी उरलं नाही.

लकडगंजात एक मसाल्याची मोठी पेढी होती. आमच्या उखळाच्या मानाने ती म्हणजे कापड गिरणीच. त्यांच्या मसाल्याच्या डब्यावर लिहिलेलं असे: ‘बरणी उघडा, पाहुणे येतील.’ त्यांच्या वकिलाचं म्हणणं असं की ‘बरणी उघडा’ हे शब्द त्यांचे अशील आठ वर्षांपासून वापरत आहेत, ते त्यांच्या मालाची ओळख आहेत, आणि तुम्ही ते चोरून जनतेची दिशाभूल करीत आहात. पंधरा दिवसांत ओळ बंद करा, छापलेली सगळी पाकिटं नष्ट करा, नाहीतर कोर्टात या.

मी हे बायकोला मराठीत समजावून सांगितलं. ती मिरच्यांची देठं खुडत होती.

“बरणी उघडू नको तर काय करू?” ती म्हणाली. “फोडू?”

“तसं नाही. ‘बरणी उघडा’ हे दोन शब्द त्यांचे आहेत म्हणतात.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

“बरणी तरी आपली ठेवतील का तेही विचारून घ्या.”

ती हसत होती, पण तिचे हात थांबले होते. एप्रिल संपत आला होता. कैऱ्या बाजारात यायला आठवडा उरला होता, आणि लोणच्याच्या मसाल्याचा सगळा धंदा पाऊस पडेपर्यंतच्या दीड महिन्याचा. साऱ्या मोसमाची पाकिटं छापून कोपऱ्यात छतापर्यंत रचलेली होती. ती नष्ट करायची म्हणजे पुन्हा छापायची, आणि तितक्यात पाऊस पडणार. पाऊस पडल्यावर लोणच्याचा मसाला विकणं म्हणजे दिवाळी झाल्यावर फटाके विकणं.

“वकील करावा का?” तिने विचारलं.

इथे माझा स्वाभिमान आडवा आला. अठरा वर्षं मी सरकारी पत्रांचे मसुदे लिहीत होतो. माझ्या मसुद्याने एका पुलाचं काम अकरा वर्षं अडून राहिलं होतं, आणि एका साहेबाची बदली झाल्यावर त्याला ती बढती वाटली होती. असा माणूस घरात असताना वकिलाला पैसे द्यायचे? मी म्हणालो, “उत्तर मी लिहितो. सही तू कर.”

रविवारी मी उत्तराला बसलो. मुद्दा सोपा होता: आधी कोण? ते म्हणतात आठ वर्षं. आमची सात. एका वर्षाने आपण हरतो. आता इतवारीत साडी घ्यायला गेलेला माणूस दुकानदाराने ऐंशी म्हटलं की एकोणऐंशीवर येतो का? तो आपला आकडा लांबून सुरू करतो. त्यांनी आठ म्हटलं, मी साठ म्हटलं. पुढे वाद झाला तर वीस-पंचविसावर तुटेल, असा माझा हिशोब. पण साठ वर्षांपूर्वी बायकोचा जन्म व्हायचा होता, म्हणून माझ्या कैलासवासी आजोबांना बोलवावं लागलं. मी लिहिलं: ‘सदर लोणच्याचा मसाला माझे आजेसासरे यांनी साठ वर्षांपूर्वी आपल्या गावी सुरू केला असून, “बरणी उघडा” हे शब्द आठवडी बाजारात प्रथम त्यांच्याच मुखातून बाहेर पडले. सबब सदर शब्द ही आमच्या कुटुंबाची वडिलोपार्जित मिळकत होय.’

माझे आजोबा शेतकरी. उखळाला त्यांचा हात कधी लागला असेल तर अंधारात ठेच लागून पडताना. पण मसुद्यात ते फार शोभून दिसले. एका संस्थानिकाने त्यांचा मसाला हत्तीवरून मागवला, असंही एक वाक्य होतं. हत्ती मी पक्क्या प्रतीतून काढला. आजही मला त्याचं वाईट वाटतं.

बायको चाळणी घेऊन बसली होती. तिने तिखटाने लाल झालेली बोटं पदराला पुसली.

“काय लिहिलं?”

“तेच, आपण आधी म्हणून.”

“मंग बरं.” तिने सही केली.

लकडगंजच्या शेटजींनी ते उत्तर वाचून घाबरावं अशी माझी अपेक्षा होती. पण मोठ्या पेढीची माणसं फार अरसिक असतात. त्यांनी चौकशी केली. एक माणूस उत्तराची प्रत घेऊन सरळ आमच्या गावी गेला आणि पारावर विचारू लागला, इथे साठ वर्षांपूर्वी लोणच्याचा मसाला कोण विकत होतं? पारावर नेमके माझे काका बसले होते. आजोबांना मुलं दोन, माझे वडील आणि हे काका. वडील वारले होते. काका होते, आणि रिकामे होते.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने काका आमच्या दारात हजर. सोबत त्यांचे दोन मुलगे आणि एक ट्रंक. माणूस ट्रंक घेऊन आला की तो चहा पिऊन जाणार नाही हे समजावं.

“काय गा,” काका खाटेवर बसत म्हणाले, “माह्या बापानं एवढा मोठा धंदा केला, अन् मले आज समजून राहिलं?”

मी म्हणालो, “काका, ते जरा कागदापुरतं...”

“कागदापुरतंच तर पाह्यलं मी. वडिलोपार्जित मिळकत म्हणून लिहिलं हाय. सही सूनबाईची हाय. पहिले त्या माणसाले मी म्हणलं, माहा बाप अन् मसाला? काहून थट्टा करून राहिले? मंग त्यानं कागद वाचून दाखवला. मंग मले हळूहळू आठवाले लागलं.”

आणि काकांना आठवत गेलं. जेवणापर्यंत त्यांना आजोबांचं उखळ आठवलं, जे बैलगाडीतून आणताना दोन बैल बसले आणि पुन्हा उठलेच नाहीत. दुपारी त्यांना आठवडी बाजार आठवला, जिथे आजोबा फेटा बांधून ‘बरणी उघडा’ अशी आरोळी द्यायचे आणि बाया पाण्याच्या घागरी खाली ठेवायच्या. चहाच्या वेळी एक गोरा साहेब घोड्यावरून आला. त्याने बरणीत नाक घातलं आणि शिंकला. “ती शिंक तीन गावात ऐकू गेली,” काका म्हणाले. “घोडं तर वर्ध्याले सापडलं.”

मी भीत भीत एक हत्ती घालून तोही काढून टाकला होता, आणि या माणसाने घोडा वर्ध्यापर्यंत पळवला. घराण्यातला खरा कलावंत कोण, हे मला त्या दिवशी कळलं.

मग काकांनी आपला आवाज वकिलासारखा केला. “पाह्य गा, मी कोर्टात शपथेवर हे सारं सांगतो. गावातले दोन म्हातारेही उभे करतो, त्याईलेही आठवून राहिलं. त्या शेटचं काही चालत नाही मंग. पण वडिलोपार्जित म्हणलं का दोन भाऊ, दोन हिस्से. अर्धा धंदा माहा. हे दोन पोट्टे इथंच राह्यतील, पाहतील धंदा.”

दोन्ही पोट्टे, वय तीस आणि बत्तीस, खोलीचं माप डोळ्यांनी घेत होते.

बायको दारात उभी होती. तिने मला फक्त इतकंच म्हटलं, “ते उत्तर दाखवा मले.” मी दुसरी प्रत काढून दिली. तिने ती उभ्याउभ्या वाचली. मग मला आतल्या खोलीत बोलावलं.

“काहून लिहिलं हे?”

“मसुद्याच्या सोयीसाठी.”

“सात वर्षं मी मिरच्या कांडून राहिली. माह्या हाताची आग रातभर जात नाही. अन् धंदा तुमच्या आजोबाचा?”

“अगं, काका साक्ष देतील तर ओळ वाचते. पाकिटं वाचतात. मोसम वाचतो.”

“अन् अर्धा मसाला जाते.”

तिने पाकिटांच्या थप्पीकडे बोट दाखवलं. “ते दोन शब्द गेले तर मी दुसरे बोलीन,” ती म्हणाली. “बोलाले काय लागते? तुमच्या घरी तर सकाळपासून तेच चालू हाय. पण मसाला गेला तर मी काय करू, ते सांगा.”

अठरा वर्षांच्या नोकरीत माझ्या मसुद्याला इतका साधा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वारसांना चहा दिला आणि आमच्या रिवाजाप्रमाणे काकांना मामाजी म्हणत, सासऱ्याचा पूर्ण मान ठेवून म्हणाली, “मामाजी, हिस्सा तुमचा हाय म्हणता, तर कामही तुमचंच. आज मिरची कांडाची हाय. या.”

कामाला नाही म्हटलं तर हिस्सा कसा मागणार? तिघंही उठले.

नागपूरचा मे महिना. बाहेर डांबर पातळ झालेलं. मिरची कांडताना खोलीचं दार बंद, खिडकी बंद आणि पंखाही बंद, कारण वारा लागला की तिखट उडतं. कूलरचं नावच नको. उखळात मुसळ पडलं की लाल धुरळा उठायचा, आणि तो वर न जाता सरळ वारसांच्या नाकात जायचा. पहिल्या दहा मिनिटांत धाकट्या चुलतभावाला असा ठसका लागला की त्याच्या शर्टाची गुंडी तुटून समोरच्या भिंतीत रुतली. मी स्वतः नंतर ती खिळ्याने काढली. थोरल्याने डोळे चोळले, त्याच हातांनी. मग तो नळाकडे जाताना दार समजून कपाटात शिरला. शेजारणींनी विचारलं, आत कोणाचं काही झालं का? बायको आतून म्हणाली, “काही नाही वं, हिस्से पडून राहिले.”

दुपारच्या एसटीने दोन्ही भाऊ गावी गेले. म्हैस आजारी असल्याचं त्यांना एकदम आठवलं होतं.

काका मात्र गेले नाहीत. मला वाटलं होतं ते पहिले पळतील. पण म्हातारा जन्मभर उन्हात राबलेला. डोक्याला पंचा बांधून, डोळ्यांतून धारा वाहत असताना तो संध्याकाळपर्यंत मुसळ मारत राहिला. शेवटचा घाणा चाळून झाल्यावर हातपाय धुवून अंगणात बसला आणि बायकोला म्हणाला, “रोज करते तू हे?”

“रोज नाही, मामाजी. पाऊस पडेपर्यंत.”

“हं,” काका म्हणाले, आणि त्या रात्री त्यांना आजोबांबद्दल काहीही आठवलं नाही.

नोटिशीची मुदत संपायला दोन दिवस होते. बायकोने स्वतः एक पत्र लिहिलं. ते चार ओळींचं होतं आणि त्यात एकही ‘सबब’ नव्हतं. आधीचं उत्तर चुकीचं आहे. मसाला मी सात वर्षांपूर्वी माझ्या घरी सुरू केला, माझ्या आजेसासऱ्यांनी नाही. ‘बरणी उघडा’ मी कोणाचं पाहून लिहिलं नाही, पण तुम्ही आधी लिहिलं असेल तर मी पुढच्या वर्षी लिहिणार नाही. छापलेली पाकिटं एवढा मोसम विकू द्या.

ते घेऊन आम्ही तिघं लकडगंजला गेलो. वाटेत बायकोने मला बजावलं की तिथे मी तोंड उघडायचं नाही. बरणीनंतर आता माझ्याही तोंडावर मनाई झाली.

शेटजी गादीवर बसले होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. “बाई, तुम्ही खरं लिहिलं हे बरं केलं,” ते म्हणाले. “पण आजोबांचा कागद माझ्या फायलीत आहे. उद्या तुमच्या घरातला दुसरा कोणी उठला आणि म्हणाला की आम्ही साठ वर्षांपासून आहोत, तर?” त्यांनी काकांकडे पाहिलं. “तुमच्यात मोठे हेच ना? यांनी लिहून द्यावं की वडिलांनी असा धंदा केला नाही. मग पाकिटांवरच्या त्या दोन शब्दांवर काळी शाई मारा आणि पाऊस पडेपर्यंत विका.”

आता सगळं काकांवर होतं. सही केली तर अर्धा धंदा हातचा जाणार. नाही केली तर बायकोचा मोसम जाणार, आणि काकांचा हिश्शाचा दावा उभा राहणार. शेटजींच्या कारकुनाने कागद लिहून पुढे केला. काकांनी तो वाचला आणि खाली ठेवला.

“कालपासून विचार करून राहिलो,” ते हळू म्हणाले. “हिस्सा नाही घेत मी. ज्याच्या हाताची आग, त्याचा माल. पण हे चार दिवस माहा बाप मले फेट्यात दिसून राहिला होता. घोड्यावरचा साहेब त्याच्यापुढे शिंकून राहिला होता. आता हे लिहून दिलं का मेला तो पुन्हा.”

मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. मी आजोबांना एका रविवारी मसुद्याच्या सोयीसाठी जिवंत केलं होतं. या माणसाने त्यांना जेवू घातलं होतं.

बायको म्हणाली, “मामाजी, त्याईच्याबद्दल खरं जे असन, तेही लिहा ना खाली.”

काकांनी कारकुनाला सांगितलं, “लिहा. माह्या वडिलानं मसाला केला नाही अन् विकला नाही. पण लोणचं त्याईले लय आवडे. भाजी नसली तर नुसत्या लोणच्यासंगं चार भाकरी खात.”

“इसका यहाँ क्या काम है?” शेटजींनी विचारलं.

“तुमचं नसन,” काका म्हणाले. “माहं हाय.”

शेटजींनी मान हलवली. कारकुनाने लिहिलं. काकांनी सही केली, मोठी आणि सावकाश, मळ्यातला बांध घालावा तशी. अशा रीतीने हिंदुस्थानातल्या एका व्यापारी तंट्याच्या कायमच्या कागदपत्रांत माझे आजोबा चार भाकरींसह दाखल झाले. हत्तीपेक्षा ते बरं.

पुढचे आठ दिवस मी बुटाच्या ब्रशने पाकिटांवर काळी पट्टी मारत बसलो. कचेरीत रजा टाकताना कारण लिहिलं, ‘घरगुती शाईकाम’. साहेबाने मंजूर केली, म्हणजे त्याने ती वाचली नसावी. काका दोन दिवस थांबून पाकिटं सुकवायला दोरीवर टांगत होते. नंतर ट्रंक उचलून गेले. ट्रंक रिकामी आली होती हे मला तेव्हा समजलं, कारण जाताना बायकोने तीत सहा किलो मसाला भरला.

आणि मग नागपुरात एक साथ आली. पाकिटावर ‘शेजारीण येईल’ एवढंच दिसे, आणि त्याच्या आधी काळं. शेजारीण काय केल्यावर येईल, या चिंतेने महाल झोपेना. बाया नखाने पट्टी खरवडत, पुरुष पाकीट दिव्याला धरून पाहत. सक्करदऱ्यात एका रिटायर्ड मास्तरांनी दिव्याजवळ बसून रॉकेलचा बोळा फिरवला आणि मसाल्यासकट पाकीट पेटवून घेतलं. मृगाचा पहिला शिडकावा व्हायच्या आठवडाभर आधीच कोपऱ्यातली थप्पी संपली होती.

शेवटच्या दिवसांत मी बायकोसोबत सक्करदऱ्याच्या दुकानात उभा होतो. एका म्हातारीने पाकीट उलटसुलट करून विचारलं, “काय वं, या काळ्याखाली काय हाय?”

“भांडण होतं, आजी. मिटलं.”

“अन् मसाला?”

“तो माहा हाय,” बायको म्हणाली. “एक देऊ का दोन?”